आधी चावी, मग काटे

अगं, घड्याळ बंद पडलं म्हणून एवढी घाबरू नकोस. दिवाळीत तू घरी होतीस आणि घड्याळ साकोलीच्या खोलीवर कपाटात. ऑटोमॅटिक घड्याळ इतके दिवस हाताबाहेर राहिलं की थांबतंच. त्यात बिघाड काही नाही. दुकानात धावत जाऊ नकोस, आणि कुणी "सेल बदलून देतो" म्हणालं तर घड्याळ हातात घेऊन तिथून सरळ निघ. त्यात सेल नसतोच मुळी. फोनवर तुझ्या बँकेच्या गडबडीत धड बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते. आणि बाबांच्या जुन्या कांचन घड्याळाचा विषय तू शेवटी घाईघाईत काढलास ना, त्याच्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे. पण आधी तुझं घड्याळ.

आत काय चालतं ते एकदा समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. मागच्या झाकणाखाली एक जड अर्धगोल पत्रा असतो, त्याला रोटर म्हणतात. तुझा हात हलला की तो फिरतो आणि फिरता फिरता आतल्या स्प्रिंगला पीळ देतो. तो पीळ हळूहळू सुटतो, त्यावर काटे चालतात. पूर्ण पीळ भरलेला असेल तर तुझ्यासारखं घड्याळ साधारण ४० तास चालतं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहाला उतरवून ठेवलंस तर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास थांबणार. हा हिशेब पूर्ण भरलेल्या घड्याळाचा. तू दिवसभर काउंटरवर बसून काम करतेस, हात टेबलावर टेकलेला. तुझा रोटर पोस्टमनच्या किंवा शेतावर राबणाऱ्या बाईच्या रोटरइतका फिरत नाही. म्हणून तुझं घड्याळ सुट्टीत आणखी लवकर थांबलं तर नवल वाटून घेऊ नकोस.

आता सुरू करायचं कसं? पहिली गोष्ट, ते मनगटावरून काढ. हातात असताना चावी फिरवली किंवा ओढली की चावीच्या दांडीवर तिरका जोर पडतो, आणि ती दांडी फार नाजूक असते. दुसरी गोष्ट, मागच्या झाकणावरचे बारीक आकडे वाच. तुझं सीको फाइव्ह आहे. ७एस२६ असं लिहिलं असेल तर त्या यंत्राला चावी देता येत नाही, ते फक्त हलवून भरतं. ४आर३६ असेल तर चावीही देता येते. २०१९ नंतरच्या सीको फाइव्ह स्पोर्ट्समध्ये बहुतेक हे दुसरं यंत्र असतं. आकडा वाचता आला नाही तर चावी आत दाबलेल्या जागीच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं हळू फिरवून पाहा. बोटाला बारीक किरकिर आणि हलका विरोध जाणवला तर ते चावी घेतं. नुसतीच मोकळी फिरत राहिली तर घेत नाही. आणि काही घड्याळांची चावी स्क्रूसारखी आवळलेली असते. ती ओढून बाहेर येत नाही म्हणून नखांनी उपसू नकोस, आधी उलट दिशेनं फिरवून सैल कर. काम झालं की दाबून पुन्हा आवळायला मात्र विसरू नकोस.

चावी घेत असेल तर वीस-तीस फेरे दे, सावकाश. जास्त झाले तर स्प्रिंग तुटेल ही भीती मनातून काढ. ती जुन्या चावीच्या घड्याळांची गोष्ट. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीवर घसरतं, त्यामुळे पीळ पूर्ण झाला की उरलेला जोर वाया जातो, यंत्राला इजा होत नाही. चावी घेत नसेल तर घड्याळ डायल वर करून तळहातावर धर आणि आडवं, डावीकडून उजवीकडे, अर्धा मिनिट झुलव. झुलवायचं आहे, झटकायचं नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर पोरं थर्मामीटर झटकावा तसं घड्याळ झटकतात, ते पाहून मला चीड येते. त्यानं भरतं कमी आणि धक्के जास्त बसतात.

सेकंद काटा चालू लागला की मगच वेळ लाव. हा क्रम मी मुद्दाम सांगते. पुष्कळ जणी आधी काटे जुळवतात, तारीख लावतात, घड्याळ हातात घालतात आणि वाटतं झालं. आत पीळ जेमतेम भरलेला असतो, दुपारी जेवायच्या सुट्टीत बघावं तर ते पुन्हा थांबलेलं. आधी भर, मग जुळव, मग दिवसभर घाल.

वेळ लावताना एक मोठी खबरदारी आहे आणि ती कुणी सांगत नाही. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारखेचं चाक यंत्राच्या दातात अडकलेलं असतं, कारण मध्यरात्री तारीख बदलायची तयारी आत आधीच सुरू झालेली असते. त्या वेळात चावी अर्धवट ओढून तारीख झटपट बदलायला गेलीस तर दात तुटतो. आणि घड्याळ बंद असताना काटे कुठे थांबलेत ते आपल्याला माहीत असतं, पण ती वेळ सकाळची की रात्रीची हे डायल सांगत नाही. म्हणून काय करायचं, चावी पूर्ण ओढून काटे पुढे पुढे फिरवत न्यायचे. तारीख बदलली की समज, आता रात्रीचे बारा वाजले. तिथून पुढे सकाळी साडेसहापर्यंत ने. मग चावी अर्धी आत ढकलून आदल्या दिवसाची तारीख आणि वार लाव. मग पुन्हा पूर्ण ओढ आणि काटे पुढे फिरवत मध्यरात्र ओलांडून आजच्या खऱ्या वेळेवर आण. तारीख आपोआप आजची होते, सकाळ-संध्याकाळचा घोळ राहत नाही. काटे मध्यरात्रीच्या मागे उलटे कधी नेऊ नकोस. वाराच्या खिडकीत दोन भाषा असतील तर मध्यरात्रीनंतर काही वेळ दुसरीच भाषा दिसते, पहाटेपर्यंत ती पुढे सरकून पुन्हा तुझी भाषा येते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तारखेचं चाक प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच मानतं. म्हणून वर्षातून पाच वेळा, १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ डिसेंबरला तारीख हातानं पुढे करावी लागते. १ मे आपल्याला विसरायचा नाही, महाराष्ट्र दिन तर आहेच, शिवाय १९९९ साली त्याच दिवशी गोंदिया आपल्या भंडाऱ्यापासून वेगळा झाला. झेंडावंदनाला जायच्या आधी घड्याळाची तारीख लाव, आणि ती सकाळी लाव, आदल्या रात्री नको.

घड्याळ नीट आहे का हे पाहायचा सोपा मार्ग सांगते. पूर्ण भर, वेळ लिहून ठेव, आणि न घालता टेबलावर ठेवून दे. ३८-४० तास चाललं तर उत्तम. चोवीस तासही नीट निघाले नाहीत तर आतलं तेल सुकलं आहे किंवा घाण झाली आहे, सर्व्हिसिंग करावं लागेल. दिवसाला वीस-तीस सेकंद मागेपुढे होणं या जातीच्या घड्याळाला शोभून दिसतं. त्याचं बॅलन्स चाक तासाला २१,६०० वेळा हेलकावतं, म्हणजे दिवसाला पाच लाखांच्या वर. एवढ्यात अर्ध्या मिनिटाची चूक ही चूक म्हणू नये. पण अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर लोहचुंबकाचा संशय घे. केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिचे वेटोळे चुंबकत्वानं एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावतं. तुझ्या पर्सच्या झाकणाला चुंबकाचं बटण आहे, मोबाइलच्या कव्हरलाही. रात्री घड्याळ त्या पर्समध्ये टाकू नकोस. घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम आहे.

पाण्याचं आणि धुळीचंही ऐक. मनगटावरचं स्वयंचलित घड्याळ पहिल्यांदा नीट बनवलं ते जॉन हारवूड नावाच्या इंग्रज घड्याळजीनं, १९२०च्या दशकात. पहिल्या महायुद्धात तो सैनिक होता. चावीच्या भोकातून धूळ आणि ओल आत शिरते आणि घड्याळं मरतात, हे त्यानं पाहिलं, म्हणून त्यानं चावीच काढून टाकली आणि हाताच्या हालचालीवर भरणारं घड्याळ केलं. पुढे १९३१मध्ये रोलेक्सनं पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला, आज तुझ्या हातात आहे तो त्याच पद्धतीचा. मला हारवूडची गोष्ट आवडते, कारण त्याची अडचण आपल्या भागाला तंतोतंत लागू आहे. रोवणीच्या दिवसांत हवा ओली, दिवाळीनंतर धानाच्या मळणीची बारीक धूळ घराघरात, आणि मे महिन्यात ४५ अंशांचा तडाखा. घड्याळाचा आतला पाट आणि चाकं बहुतेक पितळेची असतात. भंडाऱ्याच्या पोरीला पितळ ओलीनं कसं काळवंडतं ते सांगायला नको, आपल्याकडे भांडी घासताना हात काळे झालेले आहेत. काचेच्या आत दव धरलेलं दिसलं तर वाट बघू नकोस, त्याच दिवशी झाकण उघडून वाळवून घे. आणि चावी नेहमी आत दाबलेली ठेव. सेल वाचावा म्हणून सेलच्या घड्याळाची चावी ओढून ठेवतात, ती सवय इथे लावू नकोस. उघड्या चावीतून धूळच जाईल.

आता बाबांची कांचन.

तू म्हणालीस, "ताई, आईच्या पेटीत सापडली, हलवली तर थोडी चालली आणि थांबली. आता रोज हलवून पाहते." ते आजपासून बंद कर. तुझं सीको काही दिवस थांबलं होतं, कांचन कित्येक वर्षं थांबलेली आहे. दोन्हींना एक नियम लागत नाही. दिव्यात उरलेलं जुनं तेल जसं चिकट, गुळमट होतं, तसं इतक्या वर्षांत तिच्या आतलं तेल झालेलं असणार. कोरड्या टोकांवर चाकं फिरली की ती टोकं झिजतात, आणि तिचे सुटे भाग आता कंपनीकडून नव्यानं येत नाहीत. चालते आहे म्हणून हातात घालून मिरवावं, असं वाटणं साहजिक आहे. पण तेलाशिवाय चालणारं घड्याळ स्वतःला खात असतं. सर्व्हिसिंग झाल्याशिवाय तिला चावी देऊ नकोस, झुलवूही नकोस.

ही कांचन म्हणजे काय होती ते तुला ठाऊक नाही, तू नंतरची. एचएमटीनं १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. जनता, पायलट, कोहिनूर ही चावीची, आणि कांचन ऑटोमॅटिक, सोनेरी मुलाम्याची, वार-तारीख दाखवणारी. सत्तर-ऐंशीच्या दशकात ती मिळायची नाही. लोक ओळखी काढायचे, जास्त पैसे मोजायचे. आणि लग्नात नवऱ्यामुलासाठी ती मागितली जायची. सायकल, रेडिओ आणि घडी, ही मागणी तेव्हा घरोघरी ऐकू यायची, आणि घडी म्हणजे कांचन.

आपल्या बाबांची कांचनही तशीच आली. आईकडच्या आजोबांनी धान विकून ती घेतली होती, हे आईनं मला एकदाच सांगितलं, तू शाळेत होतीस. बाबांनी ती मागितली नव्हती, त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मागितली. बाबा जवाहरनगरच्या कारखान्यात ड्युटीला जाताना ती कधी घालत नसत, लग्नकार्यात आणि पोळ्याला घालायचे. मला वाटतं ती घडी कुठून आली याची त्यांना जाणीव होती. मी हे वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. तुझं सीको तू स्वतःच्या पगारातून घेतलंस, कुणाच्या धानातून नाही. एका घराच्या दोन घड्याळांमध्ये एवढं अंतर पडलं याचा मला फार आनंद आहे, आणि कांचन चालू राहावी असं मला वाटतं त्याचं कारणही हेच आहे.

म्हणूनच दादा जे म्हणतो, "बाबांची घडी मुलाकडेच येणार," ते मला पटत नाही. घडीचे पैसे आईच्या माहेरचे. पहिला शब्द आईचा. तिला विचार, तिला हवी असेल तर तिच्याकडे राहू दे, ती देईल त्याला मिळू दे. दादाशी भांडू नकोस, तो मनाचा वाईट नाही. पण आईला विचारल्याशिवाय ती घडी कुणाच्या हातात जाऊ देऊ नकोस, तुझ्यासुद्धा. आणि हे बोलणं तूच काढ. मी काढलं तर सासरी बसून वाटणी करते असं होईल.

आई हो म्हणाली की घड्याळजी शोध. हे सोपं राहिलेलं नाही. १९८४ साली टायटन आली, सेलवरची घड्याळं घराघरात गेली, आणि आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत आता सेल आणि पट्टे बदलण्यापलीकडे काम होत नाही. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं जानेवारी २०१६मध्ये घेतला. तरी जुनी यंत्रं खोलणारे लोक आहेत, साठी ओलांडलेले, डोळ्याला भिंग लावून बसलेले. भंडाऱ्यात विचारपूस कर, नाही मिळाले तर नागपूर साठेक किलोमीटरवर आहे. त्यांना एकच प्रश्न विचार, "काका, पूर्ण खोलून साफ करणार की नुसतं पेट्रोलमध्ये बुडवणार?" यंत्र न खोलता अख्खंच्या अख्खं पेट्रोलमध्ये बुडवून काढलं की ते दोन महिने छान चालतं आणि मग अडतं, कारण घाण हलते पण निघत नाही आणि तेल जिथं लागायचं तिथं पोहोचत नाही. खरा कारागीर तुझ्या प्रश्नावर रागावणार नाही, उलट खुर्ची पुढे सरकवेल. झाकण उघडल्यावर आतल्या यंत्राचा मोबाइलवर फोटो काढ, समोरच काढ. बदललेले जुने भाग परत माग. घाई करू नकोस, चार-आठ दिवस लागले तर लागू दे.

आणि डायल. "ताई, डायल पिवळी पडली, नवी रंगवून देतो" असं तुला नक्की कुणीतरी म्हणेल. नको म्हण. जुन्या एचएमटींच्या डायली वाट्टेल त्या रंगात रंगवून, कुठले कुठले भाग जोडून बाजारात विकल्या जातात, आणि एकदा मूळ डायल गेली की ती परत येत नाही. तिच्यावरचे डाग बाबांच्या हातावर असतानाचे आहेत. काच मात्र बदल, ती ओरखड्यांनी आंधळी झाली आहे, आणि चावीजवळचं रबर बदलायला सांग. पट्टाही नवा घे. तू घालणार असशील तर चामड्याचा घेऊन एक भोक जास्त पाडून घे, मनगट आपलं बारीक आहे. बांगड्यांच्या हातात घालू नकोस. काचेच्या बांगडीनं घड्याळाच्या काचेला चरे पडतात, आणि घड्याळाच्या धक्क्यानं बांगडी फुटते.

सर्व्हिसिंग झाल्यावर कांचन रोज घालायची गरज नाही. पण तिला पुन्हा पेटीत वर्षानुवर्षं टाकू नकोस. महिन्यातून एखादा दिवस घाल, पूर्ण चालू दे. तेल हलतं राहतं. चार-पाच वर्षांनी पुन्हा तेलपाणी करून घे, तुझ्या सीकोचंही. दोन्हींच्या तारखा एका वहीत लिहून ठेव. सतत फिरवत ठेवणारी पेटी मिळते म्हणून कुणी विकायला आलं तर घेऊ नकोस, ते पैसे सर्व्हिसिंगला ठेव.

सीको आज रात्री जेवण झाल्यावर सुरू कर, पण तारीख नऊच्या आत लाव, किंवा सरळ उद्या सकाळी. आईशी मात्र या रविवारी बोल. ती काय म्हणाली ते मला कळव, आणि घड्याळजीकडे एकटी जाऊ नकोस, मला तुमसरहून यायला वेळ लागत नाही. आपण दोघी जाऊ.